आधी अंदाज, मग मोजपट्टी: नववीच्या वर्गासाठी अनुभवातून शिकण्याची मांडणी

प्रश्न थोडक्यात असा आहे. नाशिक शहरातली मराठी माध्यमाची शाळा, नववीची एक तुकडी, ६० मुलं-मुली, ३५ मिनिटांचे तास. शाळा सहल काढते, भित्तिपत्रकं करून घेते, पथनाट्य बसवते, झाडंही लावते. मुलं रमतात, पण आठवड्यानं विचारलं तर ‘छान झालं’ यापलीकडे कुणालाच काही सांगता येत नाही. कला, अंगमेहनत आणि वस्तीतलं काम यांतून विषय खरोखर शिकवायचा कसा, वेळ कुठून काढायचा आणि गुण कशाला द्यायचे?

आधी बिघाड कुठे आहे ते पाहू, कारण नवीन उपक्रम शोधून तो दूर होत नाही. तुमच्या यादीतल्या प्रत्येक गोष्टीचं उत्तर मुलांना सुरुवातीलाच माहीत असतं. ‘पाणी वाचवा’ या पथनाट्याचा शेवट पहिल्या तालमीआधी ठरलेला असतो. वृक्षारोपणात खड्डा, रोप, फोटो हा क्रम ठरलेला असतो. मुलाच्या डोक्यात असलेल्या समजुतीला कुठेही धक्का बसत नाही, म्हणून लक्षातही काही राहत नाही. गांधीजींनी १९३७ साली वर्ध्याच्या परिषदेत नई तालीमची मांडणी केली, तेव्हा हस्तव्यवसायातून विषय शिकणं हा तिचा गाभा होता. टकळीवर सूत कातणं म्हणजे मोजणं, हिशेब आणि कापसाचा भूगोल. डेव्हिड कोल्ब या अमेरिकन शिक्षणतज्ज्ञानं १९८४ मध्ये सांगितलेल्या, अनुभवातून शिकण्याच्या चक्रातही अनुभव ही चारांतली एकच पायरी आहे. त्यानंतर निरीक्षणावर विचार, त्यातून नियम काढणं आणि तो नियम पुन्हा वापरून पाहणं येतं. आपल्या शाळांत पहिल्या पायरीला एक दिवस मिळतो आणि उरलेल्या तिन्हींना मिळून घरी लिहून आणायचा एक निबंध.

म्हणून कोणताही उपक्रम निवडताना एकच कसोटी लावा: मुलाला आधी अंदाज लिहिता येईल का, तो मोजून तपासता येईल का, आणि अंदाज व मोजमाप यांत तफावत निघण्याची खरी शक्यता आहे का? तिन्ही उत्तरं ‘हो’ असतील तर काम हातात घ्या. वर्षात असे तीन-चारच करा. राष्ट्रीय शिक्षण धोरण २०२० मध्ये सहावी ते आठवीसाठी दहा दप्तरमुक्त दिवस सुचवले आहेत. नववीला ते थेट लागू नाहीत, आणि दिवस मोजून भरण्याची घाई तुम्हाला नाही, हे चांगलंच आहे.

आता नाशिकमध्ये सहज करता येईल असा एक मोठा उपक्रम नीट उलगडून सांगतो. बाकीचे त्यापुढे छोटे वाटतील.

पुराची रेघ

गोदावरीच्या गंगाघाटावरचा दुतोंड्या मारुती, म्हणजे दोन तोंडांची उंच मूर्ती, ही नाशिककरांची पूर मोजायची जुनी पट्टी. गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं, गळ्याशी आलं, ही भाषा घराघरांत आहे. नारोशंकराच्या १७४७ च्या देवळाची घंटा आणि सरकारवाड्याच्या पायऱ्या या त्याच पट्टीवरच्या वरच्या खुणा. १९६९, २००८, २०१६ आणि २०१९ चे पूर शहराच्या आठवणीत आहेत. यातून वर्गाला प्रश्न द्या: मारुतीच्या कमरेला पाणी लागतं, तेव्हा आपण निवडलेल्या गल्लीत ते कुठपर्यंत पोचतं? याचं उत्तर पाठ्यपुस्तकात नाही, तुम्हालाही माहीत नाही, आणि गल्लीतल्या प्रत्येकाच्या उत्तरात थोडा फरक असतो. शिकण्यासाठी याहून चांगली परिस्थिती मिळणं कठीण.

पहिला तास फक्त अंदाजाचा. घाटापासून वर जाणाऱ्या एका गल्लीचा साधा नकाशा फळ्यावर काढा, साधारण १५० मीटरचा. गल्लीच्या वरच्या टोकाची जमीन घाटाच्या तळापेक्षा किती उंच असेल आणि २०१९ चं पाणी कुठल्या घरापर्यंत आलं असेल, हे प्रत्येकानं सेंटिमीटर आणि मीटरमध्ये वहीत पेननं लिहायचं. पेननं, कारण पेन्सिलचा अंदाज मुलं नंतर हळूच पुसतात. ६० आकडे फळ्यावर घेऊन सरासरी आणि मध्यक काढा. सांख्यिकीचा धडा इथूनच चालू होतो, आणि हे आकडे मुलांचे स्वतःचे असल्यानं ती ते टाळत नाहीत.

उंची मोजायला गवंडी वापरतात ती पारदर्शक लेव्हलची नळी पुरते; तिच्या दोन्ही टोकांतलं पाणी एकाच पातळीला राहतं. हार्डवेअरच्या दुकानात ती मीटरवर मिळते. आतला व्यास ८ मिलिमीटर, लांबी १० मीटर घ्या; दोन्ही टोकांना हातभर मोकळी जागा ठेवली की अर्ध्या लिटरहून थोडं कमी पाणी लागतं. प्रत्येक टोक दीड-दोन मीटरच्या सरळ काठीला सुतळीनं बांधायचं आणि काठीवर शिंप्याचा टेप चिकटवायचा, शून्य जमिनीकडे. पाण्यात थोडी निळी शाई टाकली की पातळी लांबून दिसते.

नळी भरताना नळाखाली धरू नका. बादली उंचावर ठेवा, एक टोक तिच्यात बुडवा, दुसरं खाली धरून पाणी ओढा आणि सावकाश वाहू द्या. नळाच्या धारेनं हवेचे बुडबुडे अडकतात, आणि एक बोटभर लांबीचा बुडबुडाही वाचन कित्येक सेंटिमीटरनं बिघडवतो. भरून झाल्यावर दोन्ही टोकं शेजारी-शेजारी धरा. पातळी तंतोतंत जुळली पाहिजे. नाही जुळली तर आत हवा आहे. नळीवर टिचक्या मारत बुडबुडा टोकाकडे न्या. ही तपासणी दर अर्ध्या तासानं करायची, फक्त सुरुवातीला नाही.

पद्धत साधी आहे. मागची काठी माहीत असलेल्या जागेवर, पुढची नव्या जागेवर. हलताना टोकं अंगठ्यानं बंद, वाचताना दोन्ही अंगठे सोडायचे. एक अंगठा तसाच राहिला तर आतली हवा दाबली जाते आणि वाचन खोटं येतं. सगळ्यात जास्त वेळा होणारी चूक हीच. पाण्याचं हेलकावणं थांबेपर्यंत अर्धा मिनिट थांबायचं. मग मागचं वाचन वजा पुढचं वाचन. मागे ८५ सेंटिमीटर, पुढे ११२ आलं, तर उत्तर उणे २७, म्हणजे पुढची जागा २७ सेंटिमीटर खाली. मुलांना इथे हमखास उलटं वाटतं, कारण मोठा आकडा म्हणजे उंच जागा अशी त्यांची समजूत असते. सूत्र सांगून मोकळे होऊ नका. शाळेच्या व्हरांड्याच्या पायरीवर एक काठी वर, एक खाली ठेवायला लावा आणि कुठला आकडा मोठा येतो ते त्यांनाच पाहू द्या. ऋण संख्या सहावीत शिकलेल्या मुलांना ती नववीत इथे कळलेली दिसते.

शाळेत दोन जोडतास सराव हवाच. जोडतास मिळवायला मुख्याध्यापकांना एकच विनंती करा: या महिन्यापुरता शारीरिक शिक्षणाचा तास विज्ञानाला किंवा गणिताला लागून द्या. शारीरिक शिक्षणाच्या सरांनाही सोबत घ्या, कारण काठी सरळ धरून उभं राहणं, पावलांनी अंतर मोजणं, वाकून वाचणं हे अंगाचंच काम आहे. सरावासाठी प्रश्न द्या: शाळेतल्या कुठल्या वर्गाची फरशी सगळ्यात उंच आहे, आणि मैदानाचं पाणी पावसात नेमकं कुठे साचतं? पावसाळ्यात डबकं कुठे होतं ते मुलांना माहीत असतंच, त्यामुळे मोजमाप बरोबर आलं की नाही याची पडताळणी आपोआप होते.

६० मुलांचे सहाच्या दहा गट करा. दोघं काठीवाले, दोघं वाचणारे, एक नोंद ठेवणारा आणि एक रस्त्यावर लक्ष ठेवणारा. कामं दर पाच वाचनांनंतर बदलायची. बदलली नाहीत तर नोंदवही कायम सुवाच्य अक्षराच्या मुलीकडे आणि काठी कायम दणकट मुलाकडे जाते, आणि निम्म्या वर्गाला मोजमाप कळतच नाही. १५० मीटरचे ३० मीटरचे पाच टप्पे पाडा. प्रत्येक टप्प्यावर दोन गट, एकमेकांचे आकडे न पाहता. नळी १० मीटरची असली तरी टोकं काठ्यांवर चढल्यामुळे एका वेळी सातेक मीटरच अंतर सरकतं, म्हणजे जाताना चार-पाच आणि परतताना तितकीच वाचनं. सवय झाल्यावर एका वाचनाला तीन मिनिटं, सगळं अर्ध्या-पाऊण तासात होतं. निघालेल्या जागी परत आल्यावर सगळ्या फरकांची बेरीज शून्य यायला हवी. ३ सेंटिमीटरपर्यंतची चूक मान्य करा. १५-२० सेंटिमीटर आली तर कुठेतरी चिन्ह उलटं पडलं आहे किंवा अंगठा राहिला आहे. ती चूक शोधायला लावा, पण स्वतः शोधून देऊ नका. दोन गटांचे आकडे जुळले नाहीत तर तिसऱ्या गटाला पाठवा. या भांडणातून मोजमापाची जी जाणीव येते, ती प्रयोगवहीतल्या ‘दक्षता’ या मथळ्याखालच्या चार वाक्यांतून कधी येत नाही.

जायचं दिवाळीनंतर, नोव्हेंबर ते जानेवारी. पावसाळ्यात घाटावर मुलं न्यायची नाहीत, पाणी कमी दिसलं तरी नाही. धरणातून विसर्ग वाढला की पातळी झपाट्यानं चढते. बुधवार टाळा, त्या दिवशी घाटावर आठवडे बाजार असतो. रामकुंडाच्या जवळ सकाळी दशक्रिया विधी चालू असतात, तिथे काठ्या आणि नळ्या घेऊन शिरणं बरं दिसत नाही. शून्य बिंदू त्या भागापासून दूरचा घ्या, एखादा न हलणारा जुना चिरा किंवा देवळाचं जोतं. २०२७ च्या सिंहस्थासाठी घाटावर कामं चालू असू शकतात, तेव्हा आदल्या आठवड्यात स्वतः वाट चालून या. पालकांची लेखी संमती, दर १५ मुलांमागे एक मोठं माणूस, आणि पाण्याच्या कडेपासून दहा पावलं आत ही सीमारेषा खडूनं आखलेली. नदीत कुणीही उतरायचं नाही, पाण्याचा नमुना घ्यायलाही नाही.

दुसरं अंग मुलाखतींचं. हे काम मुलं तिघातिघांच्या तुकडीनं संध्याकाळी किंवा रविवारी करतात: एक विचारतो, एक लिहितो, एक टेप धरतो. १९६९ चा पूर आठवणारी माणसं आज साठीच्या पुढची आहेत, त्यामुळे हे काम पुढच्या दहा वर्षांत करता येईल, नंतर नाही. ‘आजोबा, किती पाणी आलं होतं?’ असं विचारलं की ‘लई आलं होतं’ हेच उत्तर येतं. त्याऐवजी: तुम्ही त्या वेळी कुठे उभे होता? पाणी कशाला लागलं होतं, उंबऱ्याला, ओट्याला, कोनाड्याला की खिडकीच्या गजाला? हात लावून दाखवाल का? हात जिथे टेकेल तिथून खाली जोत्यापर्यंत टेप. आणि सगळ्यात मोलाचा प्रश्न: त्याच वेळी मारुतीला पाणी कुठवर होतं, काही ऐकलं होतं का?

मोजताना रस्त्यापासून मोजायचं नाही, जोत्यापासून मोजायचं. दर काँक्रीटीकरणात रस्ता वर चढतो. पूर्वी दोन पायऱ्या चढून जायच्या घरात आज एक पायरी उतरून जावं लागतं, आणि १९६९ ची खूण रस्त्यापासून मोजली की पूर लहान झाल्यासारखा दिसतो. एका घराची आठवण एका माणसाच्या भरवशावर ठेवू नका. शेजारच्याही माणसाला स्वतंत्र विचारा. एका वितीपेक्षा जास्त फरक पडला तर दोन्ही आकडे लिहा, सरासरी काढू नका. घराचे फोटो आणि माणसाचं नाव परवानगीशिवाय नको. वर्गात पुरात घर गेलेलं मूल असेल तर त्याच्या घराला ‘नमुना’ करू नका. त्याला काय काम हवं ते त्याच्या मनानं निवडू द्या.

आता जो भाग शाळा गाळतात, तोच सावकाश करायचा. दोन जोडतास आलेख कागदावर गल्लीचा छेद, म्हणजे बाजूनं दिसणारी चढ-उताराची रेघ, काढायला: आडवं १ सेंटिमीटरला ५ मीटर, उभं १ सेंटिमीटरला ५० सेंटिमीटर. १५० मीटरची गल्ली ३० सेंटिमीटरमध्ये बसते. उभं प्रमाण आडव्याच्या दहापट झालं, म्हणून चित्रात चढ भयंकर दिसतो. हे मुलांनी कागदावरच लिहायचं, नाहीतर ‘आमच्या गल्लीत डोंगर आहे’ असा निष्कर्ष निघतो. भूगोलाच्या पुस्तकातले छेद नंतर ती वेगळ्या नजरेनं वाचतात. त्याच कागदावर प्रत्येक पुराची आडवी रेघ वेगळ्या रंगात. मग सुरुवातीचे पेननं लिहिलेले अंदाज शेजारी मांडा आणि विचारा: आपण कुठे आणि कशामुळे चुकलो? उताराचा डोळ्यांनी केलेला अंदाज फसतो, हे त्यांचं त्यांनाच सापडतं.

इथेच विसर्गाचं गणित आणा. वर्तमानपत्रात ‘गंगापूर धरणातून १० हजार क्युसेक’ असं येतं. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला साधारण २८.३ लिटर, म्हणजे १० हजार क्युसेक म्हणजे सेकंदाला २८३ घनमीटर. ८ बाय ६ मीटरचा, साडेतीन मीटर उंचीचा वर्ग १६८ घनमीटरचा असतो. दर सेकंदाला जवळपास पावणेदोन वर्ग भरून वाहत आहेत, हे कळल्यावर वर्ग क्षणभर गप्प होतो. नंतरचा प्रश्न अवघड आहे आणि तो तसाच ठेवा: विसर्ग सारखा असूनही दोन वर्षी पाणी वेगवेगळ्या उंचीला का गेलं असेल? धरणाच्या खाली पडलेला पाऊस, शहरातले नाले, पात्रातले अडथळे, आठवणीतली चूक, सगळी उत्तरं येऊ द्या आणि प्रत्येकाला ‘हे तपासायला काय लागेल?’ एवढंच विचारा.

नाट्य यानंतर, आधी नाही. पूर, दुकानदार, धरणावरचा अभियंता आणि एक आजी एवढीच सामग्री द्या. भांडी बाजारातला दुकानदार दुपारी दुकान रिकामं करायचं की थांबायचं ते ठरवतो आहे. अभियंत्याला दरवाजे किती उचलायचे ते ठरवायचं आहे. एका आजीला घर सोडायचं नाही. सहा मिनिटं, त्याहून जास्त नको. नियम एकच: कुठलाही आकडा किंवा घटना बोलायची असेल तर ती कुठल्या नोंदीतून आली ते दाखवता आलं पाहिजे. या नियमामुळे घोषणा आपोआप गळतात. प्रेक्षकांतून कुणीही पात्राला थांबवून प्रश्न विचारू शकतो आणि पात्रानं भूमिकेतूनच उत्तर द्यायचं. भाषेच्या बाईंना इथे संवादलेखन आणि बोलीचा तास फुकटात मिळतो.

शेवटी छेद आणि नकाशा त्याच गल्लीत, देवळाच्या सभामंडपात किंवा एखाद्या ओट्यावर संध्याकाळी लावा. शेजारी ‘दुरुस्ती’ असा कोरा रकाना आणि दोरीला बांधलेली पेन्सिल. लोक उभे राहतात, वाद घालतात, ‘इथे नाही, त्या पिंपळापर्यंत आलं होतं’ असं लिहून जातात. या दुरुस्त्या वर्गात परत नेऊन छेद बदला. पाहुणे बोलावून फीत कापली की लोक दुरुस्ती करायला धजत नाहीत, म्हणून उद्घाटन ठेवू नका.

शाळा सिडको-सातपूरकडे असेल तर घरामागचा नाला घ्या. निफाड-सिन्नरच्या गावात विहीर घ्या: दोरीला वजन बांधून काठापासून पाण्यापर्यंतचं अंतर, ऑक्टोबर ते एप्रिल, दर सोमवारी, पंप चालू व्हायच्या आधी. पंप चाललेल्या विहिरीचं वाचन निरुपयोगी. पेठ-सुरगाण्याकडे धो-धो पाऊस आणि एप्रिलात हंडे, हा विरोधाभास मुलांच्याच मोजमापातून पुढे येतो.

सावली

हा उपक्रम एका काठीत होतो. नाशिकचा अक्षांश जवळपास २० अंश उत्तर. वर्गाला विचारा: दुपारी बरोबर १२ वाजता सूर्य डोक्यावर येतो का? बहुतेक ‘हो’ लिहितात. मग १ मीटरची काठी ओळंब्यानं सरळ रोवून १२ ते १ दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकावर खूण करा. सगळ्यात आखूड सावली १२ ला येत नाही. भारताची प्रमाणवेळ ज्यावर ठरते त्या ८२.५ अंशांच्या रेखावृत्ताच्या नाशिक पश्चिमेला पावणेनऊ अंशांवर आहे, म्हणून आपली खरी दुपार सरासरी १२ वाजून ३५ मिनिटांनी होते. २३ सप्टेंबरला साधारण १२.२७ ला, २१ मार्चला १२.४२ च्या सुमाराला. विषुवदिनी सावली ३६ सेंटिमीटर, २२ डिसेंबरला ९५ सेंटिमीटर. सूर्य खरोखर डोक्यावर येतो तो २० मे आणि २३ जुलैच्या आसपास. एकदा सुट्टी, एकदा ढग, म्हणून कुणी पाहत नाही.

काठी २ अंश कलली तरी टोक साडेतीन सेंटिमीटर सरकतं. शिवाय सावलीची कड १-२ सेंटिमीटर धूसर असते, कारण सूर्य बिंदू नाही, अर्ध्या अंशाची तबकडी आहे. काठीच्या टोकाला पुठ्ठा लावून त्याला ५ मिलिमीटरचं भोक पाडा आणि प्रकाशाच्या ठिपक्याच्या मध्यावर खूण करा. कोल्हापूरच्या एखाद्या शाळेशी ठरवून त्याच विषुवदिनी मोजलं तर तिथे ३० सेंटिमीटर येतात. दोन कोनांतला फरक ३.३ अंश, दक्षिणोत्तर अंतर साधारण ३६६ किलोमीटर, त्यावरून पृथ्वीचा परीघ ४० हजार किलोमीटरच्या जवळ येतो. पण सावलीत एक सेंटिमीटर चुकलं तर परिघात सुमारे १५ टक्के चूक जाते. त्रिकोणमितीच्या धड्यात टॅन कशाला हवा, हे विचारणारं मूल इथे स्वतःच टॅनचा तक्ता उघडतं.

कांद्याचा रंग

लासलगाव-पिंपळगावच्या जिल्ह्यात कांद्याची साल विकत आणावी लागू नये. आधी विचारा: लाल कांद्याच्या सालीत पांढरं कापड उकळलं तर कुठला रंग येईल? गुलाबी, जांभळा असेच अंदाज येतात. कापड पिवळं-सोनेरी निघतं, कारण कापडावर टिकणारा मुख्य रंग सालीतल्या क्वेर्सेटिन या पिवळ्या रंगद्रव्याचा असतो आणि लाल रंगद्रव्य फारसं टिकत नाही. रसायनशास्त्राची ओढ लागायला ही तफावत फार उपयोगी आहे.

१०० ग्रॅम मांजरपाट घ्या. खळ निघाली नाही तर रंग डागाडागांनी बसतो, आणि ‘रंग चुकला’ असं मुलं म्हणतात तेव्हा नव्वद टक्के वेळा खळच चुकलेली असते. म्हणून ३ लिटर पाण्यात ५ ग्रॅम धुण्याचा सोडा आणि थोडा साबण घालून अर्धा तास उकळा, धुवा. २० ग्रॅम हिरड्याच्या पुडीच्या पाण्यात रात्रभर, मग पिळून १५ ग्रॅम तुरटीच्या गरम पाण्यात तासभर. सुती कापडाला तुरटी नुसती नीट धरत नाही, हिरड्यातलं टॅनिन तिला पकडून ठेवतं. ५० ते १०० ग्रॅम कोरडी साल (ही मोठी पिशवीभर होते) ३ लिटर पाण्यात ४० मिनिटं उकळून गाळा, त्यात कापड पाऊण तास, उकळी येऊ न देता, सतत हलवत. पातेलं स्टीलचं, लोखंडी कढईत रंग काळवंडतो.

याचा प्रयोग होण्यासाठी चार तुकडे हवेत: काहीच न लावलेला, फक्त तुरटीचा, हिरडा-तुरटीचा, आणि तिसऱ्यासारखाच पण रंगानंतर २ ग्रॅम हिराकसाच्या (फेरस सल्फेटच्या) पाण्यात दहा मिनिटं बुडवलेला. हा हिरवट-काळपट होतो. प्रत्येकाचा अर्धा भाग पाच वेळा साबणानं धुवा, दुसरा अर्धा पुठ्ठ्याखाली निम्मा झाकून १५ दिवस उन्हात. कुठला टिकतो ते आधी लिहून ठेवलेलं असलंच पाहिजे. शेगडीजवळ मोठं माणूस, हिराकसाला हातमोजे. चित्रकलेच्या तासाला हेच कापड बांधणीसाठी वापरता येतं, पण आधी चाचणीचे तुकडे कापून बाजूला काढा, नाहीतर सुंदर रुमाल उरतो आणि प्रयोग हरवतो.

नाडीचा उपक्रम तर मैदानावर एका तासात होतो: बसून नाडी, २ मिनिटं २० सेंटिमीटरच्या पायरीवर चढ-उतार, मग १, २, ३ मिनिटांनी पुन्हा नाडी. अंगठ्यानं मोजू नका, अंगठ्याची स्वतःची नाडी लागते. १५ सेकंद मोजून चारनं गुणलं तर एका ठोक्याची चूक चार होते, म्हणून ३० सेकंद मोजा. दमा असलेली, पाळीत त्रास होणारी मुलं वेळ पाहण्याचं काम घेऊ शकतात; कारण सगळ्यांसमोर विचारायचं नाही. आकडे निनावी फळ्यावर जातात, वजनाशी तुलना अजिबात नको.

गुण आणि वेळ

प्रकल्पवहीच्या मुखपृष्ठाला आणि थर्माकोलला गुण दिले की पालक रात्री जागून मुखपृष्ठ करतात. चार गोष्टी पाहा: अंदाज आधी लिहिला होता का, प्रत्येक आकड्याला एकक, तारीख आणि मोजणाऱ्याचं नाव आहे का, चूक सापडल्यावर काय केलं ते लिहिलं आहे का, आणि निष्कर्षाचं प्रत्येक वाक्य कुठल्या नोंदीवर उभं आहे ते दाखवता येतं का. प्रत्येकी पाच, एकूण वीस. मंडळाच्या अंतर्गत मूल्यमापनाच्या रकान्यात हे बसवायला अडचण येत नाही. चुकलेल्या अंदाजाचे गुण कापायचे नाहीत, नाहीतर पुढच्या वेळी अख्खा वर्ग शेजारच्या हुशार मुलाचा आकडा उतरवतो.

गटाला एकच गुण देऊ नका. प्रत्येकाशी तीन मिनिटं बोलायचं म्हटलं तर १८० मिनिटं, म्हणजे शाळेचे पाचाहून जास्त तास लागतात आणि ते मिळत नाहीत. म्हणून काम चालू असतानाच रोज सहा-सात जणांना काठीपाशी एकच प्रश्न विचारा, ‘हा आकडा मोठा आला याचा अर्थ काय?’ दर सत्राच्या शेवटी सगळ्यांकडून तीन ओळींची चिठ्ठी घ्या: काय वाटलं होतं, काय निघालं, आता काय विचारावंसं वाटतं. ६० चिठ्ठ्यांचे ‘कळलं’, ‘अर्धवट’, ‘उलटं कळलं’ असे तीन ढीग करायला पंधरा मिनिटं लागतात, आणि उद्याचा तास ‘उलटं कळलं’ या ढिगापासून सुरू करायचा.

पूर्ण ‘पुराची रेघ’ला आधीचे पाच तास, एक सकाळ आणि नंतरचे आठ तास लागतात. पालक ‘अभ्यासक्रम बुडतो’ म्हणतील. त्यांना सांख्यिकी, ऋण संख्या, प्रमाण, छेद आणि संवादलेखन या घटकांची यादी तारखांसह दाखवा, आणि ते घटक पुन्हा फळ्यावर सुरुवातीपासून शिकवू नका. दोनदा शिकवलं तर पालकांचं म्हणणं खरं ठरेल. दहावीच्या भूगोलात पहिलाच पाठ क्षेत्रभेटीचा आहे, त्याची तयारीही यातच झालेली असते. लांबची सहल करायचीच असेल तर एसटीचा प्रासंगिक करार करा, पण ठिकाण एकच ठेवा. पांडवलेण्यात २४ लेणी आहेत. सगळी फिरण्यापेक्षा तिसऱ्या लेण्यात दोन तास बसून शिलालेखाच्या ओळी मोजणं आणि सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीची आई गौतमी बलश्री हिनं मुलाच्या पराक्रमाबरोबर स्वतःची ओळख कशी कोरवून घेतली ते वाचणं जास्त पदरात टाकतं.

सुरुवातीलाच पुराच्या रेघेला हात घालू नका. सप्टेंबरच्या विषुवदिनी सावली घ्या, ऊन मिळालं नाही तर आठवडाभरात कधीही. दिवाळीनंतर शाळेच्या आवारात नळीचा सराव करा आणि मैदानातलं डबकं कुठे साचतं ते मोजून काढा. सरावाच्या तिसऱ्या सत्रापर्यंत मुलं अंदाज पेननं लिहायला न सांगता वही उघडू लागली, की गल्लीत जायला वर्ग तयार आहे.